झायॉन मिल्कवेच दर जुलैत मरतंय? तीन वर्षं रोपं घालवल्यावर सापडलेलं कारण

ज्यांचं झायॉन मिल्कवेच, म्हणजे इथलं एक वाळवंटी रानझाड, एप्रिलपर्यंत मस्त चंदेरी गादीसारखं पसरलेलं असतं आणि जुलै उजाडला की त्याची वाळकी काडी होते, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं सलग तीन वर्षं हेच झालं. नवीन बी, नवीन रोपं, नवीन उत्साह आणि जुलैत पुन्हा तेच. चौथ्या वर्षी दोन रोपं जगली, त्यांनी आता दोन उन्हाळे काढलेत आणि या मार्चमध्ये फुलं पण आली, म्हणून म्हटलं आता बोलायला तोंड आहे.

आम्ही अमेरिकेत दक्षिण युटामध्ये राहतो, सेंट जॉर्जला. झायॉनचं नॅशनल पार्क इथून गाडीने तासाभरावर. तिथल्या लाल वालुकाश्मात जिथे नुसती चीर आहे, मूठभर वाळू अडकलीय, तिथे हे झाड आरामात बसलेलं असतं. शास्त्रीय नाव अ‍ॅस्ट्रॅगॅलस झायोनिस. आपल्या हरभरा-तुरीच्याच कुळातलं, शेंगवर्गीय. पानं बघितली की मला तर हरभराच आठवतो, फक्त अंगावर बारीक लव इतकी की लांबून राखाडी-चंदेरी दिसतं, फुलं मटारच्या फुलासारखी पण जांभळट गुलाबी, आणि नंतर शेंगा येतात त्यांच्यावर लालसर ठिपके. एकदा बघितलं की हे अंगणात पाहिजेच असं वाटतं. इथूनच सगळी भानगड सुरू होते.

आधी एक गोष्ट बजावून सांगते. पार्कमधून बी, शेंग, फांदी काहीही उचलायचं नाही, ते बेकायदा आहे. आणि पार्कच्या बाहेर दिसलं म्हणून पण तोडू नका, कारण याच वॉशिंग्टन काउंटीत याच्या दोन चुलत बहिणी आहेत, शिव्हविट्स मिल्कवेच आणि होल्मग्रेन मिल्कवेच, त्या दोन्ही २००१ पासून अमेरिकेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या सरकारी यादीत आहेत आणि फूल नसताना नवख्या माणसाला कुठली कुठली ते अजिबात कळत नाही. स्थानिक झाडांचं बी विकणारे असतात त्यांच्याकडून घ्या आणि विचारून घ्या की बी कुठलं आहे. हे नुसतं कायद्यासाठी नाही हं. शिव्हविट्स वाढते ती चिनली नावाच्या खडकाच्या चिकण मातीत, आणि झायॉनवालीला वाळू लागते. नाव दोघींचं मिल्कवेच, पण जमीन एकदम उलटी, त्यामुळे "मिल्कवेचला अशी माती लागते" असा सल्ला कुणी दिला तर आधी विचारायचं, कुठल्या मिल्कवेचला? अख्ख्या जगात या अ‍ॅस्ट्रॅगॅलस वंशाच्या ३,०००च्या आसपास प्रजाती आहेत, फुलझाडांमध्ये सगळ्यात मोठा वंश. काही तर अशा की जमिनीत सेलेनियम नावाचं मूलद्रव्य असलं तरच नीट वाढतात, १९५०च्या दशकात हेलन कॅनन नावाच्या भूगर्भ खात्यातल्या बाईंनी त्या झाडांच्या आधाराने कोलोराडो पठारावर युरेनियम कुठे असेल याचा माग काढला होता, कारण तिथे युरेनियमच्या खनिजाबरोबर सेलेनियम पण असायचं. सांगायचा मुद्दा काय, तर ही झाडं मातीच्या बाबतीत आपल्यापेक्षा हट्टी असतात.

आता मूळ दुखणं. तुमचं रोप नक्की कधी मरतंय ते आधी बघा, कारण तीन वेगवेगळ्या वेळी तीन वेगवेगळ्या कारणांनी मरतं आणि मी पहिल्या वर्षी सगळ्याला एकच औषध देत बसले होते, पाणी.

बीच उगवत नसेल तर ते सोपं आहे. बी मेथीच्या दाण्याहून लहान, तपकिरी, आणि कवच इतकं कडक की पाणी आत शिरतच नाही. बहाव्याचं किंवा चिंचेचं बी लावलंय त्यांना माहीत असेल. मी दोन सँडपेपरच्या मध्ये बी ठेवून हलक्या हाताने पाच-सहा वेळा फिरवते, चकाकी गेली की थांबायचं, आत पांढरट दिसायला लागलं म्हणजे जास्त झालं. मग स्टीलच्या वाटीत कोमट पाण्यात रात्रभर. सकाळी वाटीत बघितलं की लगेच कळतं, काही दाणे फुगून दुप्पट झालेले असतात आणि काही होते तसेच खड्यासारखे तळाला. फुगलेले लावायचे, न फुगलेले पुसून परत सँडपेपरवर. मी एकदा न फुगलेलेच लावून महिनाभर रोज मातीकडे बघत बसले होते. फ्रीजमध्ये ओल्या वाळूत तीन-चार आठवडे ठेवायचं असं पण काही जण करतात, मी अर्धे तसे आणि अर्धे न ठेवता लावले, मला काही फरक दिसला नाही. लावायची वेळ मात्र महत्त्वाची, ऑक्टोबर-नोव्हेंबर. उकाडा असताना लावलं तर बी मातीतच सडतं.

उगवून दोन-चार पानांवर रोप आडवं पडत असेल तर ती आपली नेहमीची रोपं कोलमडायची बुरशी. मातीला टेकतो तिथे देठ दोऱ्यासारखा बारीक आणि तपकिरी होतो, वरची पानं अजून हिरवी असतात आणि रोप लोळलेलं. हे नर्सरीच्या काळ्या पिशवीतल्या मातीमुळे होतं. ती माती स्पंजसारखी पाणी धरते, पेटुनियाला छान, याला विष. मी आता चार भाग जाड वाळू आणि बारीक प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड), एक भाग साधी माती असं घेते आणि वरून अर्धा इंच मुरमासारखी बारीक खडी पसरते म्हणजे देठाभोवती कोरडं राहतं. पाणी खालून, कुंडी परातीत दहा मिनिटं ठेवून, लगेच बाहेर. आणि कुंडीच्या तळाला खापरं आणि खडी घालून "निचरा होतो" हे आपल्याकडे सगळेच करतात, माझी आई पण करायची, पण त्याने निचरा वाढत नाही, उलट पाणी त्या खडीच्या थराच्या वर बारीक मातीतच अडकून राहतं. भोकावर माती सांडू नये म्हणून एक खापर पुरे.

कुंडीबद्दल अजून एक. याचं सोटमूळ वर दोन पानं असताना खाली वीतभर गेलेलं असतं. दह्याच्या डब्यात लावलं तर दोन-तीन आठवड्यांत ते तळाला लागून गोल फिरायला लागतं आणि असं गुंडाळलेलं मूळ जमिनीत लावल्यावर कधी सरळ होत नाही. कागदाच्या नळ्या वापरून बघितल्या, त्यांना बुरशी लागली. शेवटी प्लंबिंगचा दोन इंची पीव्हीसी पाइप १४-१४ इंचांचा कापला, प्रत्येक तुकडा उभा चिरून परत टेपने बांधला आणि खालून जाळी. लावायच्या वेळी टेप काढायची, पाइप उघडायचा, आख्खा मातीचा खांब मूळ न हलता खड्ड्यात बसतो. या एका जुगाडाने माझी निम्मी रोपं वाचली असतील. मूळ मोकळं करून, झटकून लावायचा प्रयत्न करू नका, हे झाड ते माफ करत नाही.

आणि आता तिसरं, ज्याच्यासाठी एवढं लिहितेय. रोप जमिनीत लावलं, छान वाढलं, मे महिन्यापर्यंत वीतभर घेर झाला आणि जून-जुलैत आठवड्याभरात गेलं.

माझ्याकडे व्हायचं असं की मेच्या शेवटी ऊन तापायला लागलं की दुपारी पानं मिटायची. दोन्ही बाजूच्या पानांच्या जोड्या उभ्या होऊन एकमेकींना चिकटल्यासारख्या, रोप एकदम केविलवाणं दिसायचं. मला वाटायचं तहानलंय. इथे वर्षाला पाऊस किती, तर साधारण ८ इंच, म्हणजे २०० मिलीमीटर, आणि जुलैत दुपारी पारा ४०च्या वर, मग कुणालाही तहानच वाटणार ना. मी पाणी वाढवायचे. दोन दिवसांनी खालची पानं पिवळी पडायची, मी अजून वाढवायचे. त्यातून अंगण करून देणाऱ्या माणसाने सगळ्या झाडांना ड्रिपची एकच लाइन आणि एकच टायमर लावून दिलेला, कण्हेरीला जेवढं तेवढंच याला, रोज संध्याकाळी २० मिनिटं. तिसऱ्या वर्षी तर मी ड्रिप सोडून वरून परत झारीने घालत होते. आठवड्यात सगळी गेली.

एक उपटून बघितलं. उपटून म्हणजे काय, दोन बोटांनी धरलं आणि लोण्यातून सुरी यावी तसं हातात आलं. जमिनीला टेकतो तो भाग चॉकलेटी, नखाने जरा खरवडलं तर साल मोज्यासारखी सुटून आली आणि आतल्या मुळाचा तंतू तेवढा उरला. वास घेतला, कुंबट, भिजत घातलेले हरभरे उन्हाळ्यात दोन दिवस विसरले की येतो ना तसला. आणि गंमत म्हणजे वरची माती पापडासारखी कोरडी होती. बोट घातलं तर चार इंचांखाली गार ओल.

त्या रविवारी बाबांशी फोनवर बोलताना हे रडगाणं गायले. बाबांची परभणीकडे थोडी शेती, दरवर्षी रब्बीत हरभरा असतोच. मी कुळ सांगितलं, पानं कशी मिटतात ते सांगितलं, वासाचं सांगितलं. ते म्हणाले, "अगं मग हे उभळलंय की. हरभऱ्याला पाणी जास्त झालं की काय होतं, लहानपणी बघितलं नाहीस का?"

बघितलं होतं की! उभं पीक, फुलात आलेलं, एक पाणी जास्तीचं झालं आणि चार दिवसांत पट्टेच्या पट्टे उभळलेले, म्हणजे उभ्या उभ्या वाळून गेलेले. हरभरा जमिनीतल्या ओलीवर येतो, त्याला पाण्याचं कौतुक नको असतं, हे माझ्या घरातलं ज्ञान आणि मी इथे येऊन रोज टायमर लावत होते. पानं मिटणं म्हणजे तहान नव्हतीच, बऱ्याच शेंगवर्गीय झाडांची ती सवयच असते, भर उन्हात पानाची कड सूर्याकडे करायची म्हणजे कमी तापतं. सकाळी सहाला जाऊन बघा. पानं उघडी असतील तर झाड ठीक आहे, हात पाठीमागे बांधून परत या. सकाळी पण मलूल असेल तर मग बघायचं. आणि थोडी खालची पानं उन्हाळ्यात वाळणारच, झाड स्वतःच खर्च कमी करतंय.

पण बाबांनीच पुढे विचारलं, "तुझी तर वाळू म्हणतेस, आमच्यासारखी काळी नाही, मग पाणी थांबलं कसं?"

याचं उत्तर मला देता येईना. म्हणून दुसऱ्या दिवशी कुदळ घेतली. वरची लाल वाळू छान भुसभुशीत, आठ इंच, दहा इंच, आणि १४ इंचांवर खण्ण. पांढरट दगडासारखा थर, चुनखडीचा. या वाळवंटी भागात बऱ्याच ठिकाणी असतो, इथे त्याला कॅलिची म्हणतात. म्हणजे माझं अंगण वरून वाळू आणि खाली परात. पाणी वाळूतून झरझर खाली जायचं आणि परातीत साठायचं, वरून ४० डिग्रीचं ऊन, आणि सोटमूळ नेमकं त्या कोमट पाण्यात पाय सोडून बसलेलं. हिवाळ्यात तेच पाणी गार असतं म्हणून एप्रिलपर्यंत काही होत नव्हतं, आणि म्हणूनच दर वर्षी जुलै. ओलं एकटं असतं तर चाललं असतं, गरम एकटं असतं तरी चाललं असतं, दोन्ही एकत्र आलं की मुळाची बुरशी कामाला लागते.

तेव्हा रोप लावायच्या आधी तुमच्याकडे परात आहे का ते बघा. फूटभर खड्डा खणा, पाण्याने भरा, ते मुरू द्या, परत भरा आणि एक काडी खोचून तासाभराने पाणी किती उतरलं ते मोजा. एक इंच पण उतरलं नसेल तर तिथे हे झाड लावू नका. माझ्या खड्ड्यात जेमतेम अर्धा इंच उतरलं. पहार घेऊन तो थर फोडता येतो, पण आरपार फोडायला लागतो, नाहीतर नुसती खोल परात तयार होते. माझ्याच्याने झालं नाही.

आणि जी दोन रोपं जगली, ती माझ्या हुशारीने जगली असं नाही. कुंपणाच्या भिंतीचं काम झालं तेव्हा उरलेल्या वाळूचा आणि फुटक्या दगडांचा ढिगारा कोपऱ्यात पडून होता, दोन-अडीच फूट उंच. पाइपमधली दोन रोपं जास्तीची झाली, टाकून द्यायला जीव होईना म्हणून त्या ढिगाऱ्यावर खोचली. तिथे ड्रिप नाही, झारी न्यायला मला आळस. अंगणातली नीट खड्डा करून लावलेली, कौतुकाची सहा गेली आणि ही दोन टवटवीत. ते बघून आता मी मुद्दाम तसेच ढीग करते, दीड ते दोन फूट उंच, निम्मी जाड वाळू आणि निम्मी मूठभर आकाराची वालुकाश्माची ढेकळं, आणि रोप दोन दगडांच्या फटीत, मानेभोवती खडी. खत शून्य. शेणखत पण नको, मी घातलं होतं एकदा, पानंच पानं आली आणि देठ मऊ पडले.

पाण्याचं माझं आताचं असं आहे. हिवाळ्यात पावसावर सोडून देते, सलग महिनाभर काहीच पडलं नाही तर एकदा. मार्च-एप्रिलमध्ये पहिल्या वर्षीच्या रोपांना १०-१२ दिवसांनी एकदा, पण भरपूर, खोल जाईल असं. मेच्या मध्यापासून तीन आठवड्यांनी एकदा, ते पण पहाटे, आणि रोपाच्या मुळाशी नाही तर दीड फूट लांब, मूळ तिथे जातं शोधत. संध्याकाळी अजिबात नाही कारण माती तापलेली असते. दुसऱ्या वर्षीपासून उन्हाळ्यात काहीच नाही, जुलै-ऑगस्टमध्ये इथे एखाददुसरी वादळी सर येते तीच. हे माझ्या ढिगाऱ्याचं माप आहे, तुमचं थोडं वेगळं असेल, पण चुकायचंच असेल तर कमी पाण्याच्या बाजूला चुका. कमी पडलेलं रोप पाणी घातल्यावर उठतं, कुजलेलं उठत नाही. ड्रिपच्या सामायिक लाइनवर असेल तर ते तोंड बुच लावून बंद करा, टायमर कमी करून भागत नाही, मी करून बघितलंय.

रायझोबियमचं, म्हणजे मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंचं, बरेच जण विचारतात. आपल्याकडे हरभऱ्याला १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून चोळतात तसं इथे करावं का. मुळांवर गाठी येऊन हवेतला नत्र धरायचं काम या झाडाचं पण तसंच चालतं, पण प्रत्येक शेंगवर्गाचा जिवाणू आपापला असतो, हरभऱ्याचं पाकीट इथे लागू पडेल याचा भरवसा नाही. मी बी विकणाऱ्याकडूनच त्याच्या वाढलेल्या झाडाखालची चमचाभर माती मागून घेतली आणि पाइपमध्ये मिसळली. त्याने फरक पडला की ढिगाऱ्याने, ते मला वेगळं काढून सांगता येणार नाही.

ससे. पहिल्या हिवाळ्यात तारेची जाळी लावाच, एका रात्रीत जमिनीपर्यंत खातात.

आणि हो, हे खायचं झाड नाही. औषधी म्हणून चिनी अ‍ॅस्ट्रॅगॅलस मिळतं ते वेगळ्या प्रजातीचं मूळ, त्यावरून कुणी याचा काढा करायला जाऊ नका. या वंशातल्या काही जातींना इथे लोकोवीड म्हणतात, त्यांच्या आत राहणारी एक बुरशी स्वेन्सोनिन नावाचं विष तयार करते आणि ते खाऊन खाऊन गुरं-घोडी वेड्यासारखी करतात. घरात लहान मूल किंवा अंगणात शेळी असेल तर लांबच लावा.

या वर्षी पहिल्यांदाच घरच्या शेंगा मिळाल्या. वाळल्यावर कानाशी धरून हलवली की खुळखुळ वाजते, पण फोडल्यावर बऱ्याच दाण्यांना टाचणीने टोचल्यासारखं एकेक गोल भोक. मुगाला लागतो त्याच जातकुळीचा भुंगा, शेंगा कोवळ्या असतानाच अंडी घालून गेलेला असणार. भोकाचे दाणे फेकले, चांगले कागदावर आठवडाभर वाळवले आणि डबीत घालून फ्रीझरमध्ये टाकलेत, आठ दिवस, म्हणजे आत अळी राहिली असेल तर मरेल. एकूण ४१ दाणे आहेत. डबीवर मोठ्या अक्षरात "खायचं नाही" लिहून चिकटवलंय, नाहीतर आमच्याकडे मेथी समजून फोडणीत जायचे.